बापाच्या मुठीतलं मनगट

मुंबई सेंट्रलच्या एसटी आगारापासून चार पावलांवर 'मराठा मंदिर' आहे. गावाकडची गाडी संध्याकाळची, अख्खा दिवस मोकळा आणि पिशव्या मांडीवर घेऊन बसायची तयारी, एवढं जमलं की सकाळच्या खेळाला जाऊन बसायचं, ही सोय त्या थिएटरने वर्षानुवर्षं करून ठेवली आहे. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' २० ऑक्टोबर १९९५ ला प्रदर्शित झाला. डिसेंबर २०१४ मध्ये इथे त्याचे हजार आठवडे भरले. २०१५ च्या फेब्रुवारीत खेळ थांबवायचं ठरलं, तर लोक इतके हळहळले की तो पुन्हा सुरू करावा लागला. मी तिथे तो तीनदा पाहिला. घरी टीव्हीवर किती वेळा, ते लिहून ठेवण्यासारखं नाही.

तिथे बसलं की एक गंमत लक्षात येते. गाण्यांना लोक सोबत गातात, शाहरुखच्या एंट्रीला शिट्ट्या पडतात, ते सगळं ठीक. पण सगळ्यात मोठा जल्लोष शेवटी होतो आणि तो नायकाच्या वाट्याचा नसतो. गाडी हलली आहे, राज रक्ताळलेल्या तोंडाने डब्याच्या दारात उभा आहे आणि सिमरनचं मनगट बापाच्या मुठीत आहे. ती गयावया करते. मूठ सैल होते. अमरीश पुरींच्या तोंडून 'जा' निघायच्या आत ते मागच्या रांगांतून निघालेलं असतं. गोष्टीत ते स्टेशन पंजाबातलं, चित्रीकरण मात्र आपल्या आपट्याला झालेलं, पनवेल-रोहा मार्गावर. मला दर वेळी तिथे रडू येतं. पन्नाशी उलटली तरी येतं. आणि डोळे पुसून झाले की दर वेळी तोच प्रश्न पडतो: सज्ञान मुलीचं मनगट मुळात याच्या मुठीत आलंच कसं?

हा प्रश्न या वर्षी जरा जास्तच टोचला, त्याला कारण माझी भाची. तिने फेब्रुवारीत मेसेज केला, "मावशी, तू पक्की रोमँटिक आहेस. तीस दिवस काढायचेत. रोज एक याप्रमाणे प्रेमाचे सिनेमे सुचव ना." तीस दिवस कसले, ते पुढे सांगते. यादी करायला बसले आणि माझीच मला गंमत वाटायला लागली. मला आवडणारे बहुतेक सगळे प्रेमपट एकाच प्रश्नाभोवती फिरत होते, आणि तो प्रश्न प्रेमाचा नव्हता. परवानगीचा होता.

योगायोग बघा. याच मराठा मंदिरात ५ ऑगस्ट १९६० ला 'मुघल-ए-आझम'चा पहिला खेळ झाला. तिथेही एक बाप आहे, हिंदुस्थानचा बादशहा. आरसेमहालात अनारकली त्याच्या तोंडावर सांगते की प्रेम केलंय, चोरी नाही, आणि छतावरच्या प्रत्येक भिंगात तीच एक नाचताना दिसते. आमच्या हिंदी पडद्यावरचा सगळ्यात बंडखोर क्षण तो. पण शेवटी तिचा जीव वाचतो तो कशाने? अकबराने तिच्या आईला पूर्वी दिलेल्या एका शब्दाने. भिंतीत चिणण्याचं नाटक होतं आणि मायलेकी भुयारातून बाहेर निघतात. म्हणजे नकारही बापाचा आणि दयाही बापाचीच. पस्तीस वर्षांनी त्याच पडद्यावर दुसरा बाप आला आणि त्याने मनगट सोडलं. या दोन सिनेमांच्या मधल्या काळात देशात काय काय बदललं, पण टाळ्यांची जागा बदलली नाही.

मधले टप्पे भराभर सांगते. 'बॉबी' (१९७३): श्रीमंताचा मुलगा, गोव्याच्या ख्रिस्ती कोळ्याची मुलगी. दोघं पाण्यात उडी घेतात, दोन्हीकडचे बाप एकमेकांच्या मुलांना वाचवतात आणि मग लग्नाला हो म्हणतात. होकारासाठी पोरांना आधी बुडावं लागतं. 'एक दुजे के लिए' (१९८१): गोव्यातच शेजारी राहणारी दोन कुटुंबं, एक तमिळ, एक हिंदी भाषक. पालकांची अट अशी की वर्षभर भेटायचं नाही, बोलायचं नाही, तरी प्रेम टिकलं तर लग्न. पोरं अट पाळतात आणि मरतात. 'कयामत से कयामत तक' (१९८८) मध्ये अटही नाही, नुसतं मरण. आणि मग 'मैंने प्यार किया' (१९८९), ज्यात नायक नायिकेच्या बापाकडे परीक्षेला बसतो. महिनाभर मजुरी करून दोन हजार रुपये कमवून दाखवायचे. थिएटरात त्या घामेजलेल्या नोटांनी मी किती भारावले होते! आज वाटतं, परीक्षा घेतली कुणी, दिली कुणी, आणि बक्षीस कोण? बक्षीस घरात बसून वाट बघत होतं.

'दिलवाले'कडे पुन्हा येऊ, कारण या सगळ्यांतला तो सर्वांत गोड आणि म्हणून सर्वांत फसवा आहे. त्यातला एक प्रसंग लोक विसरतात. सिमरनची आई दागिन्यांची पुरचुंडी आणते, राजच्या हातात देते आणि सांगते, हिला घेऊन निघून जा. फरीदा जलाल यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आहे ते संपूर्ण सिनेमात दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर नाही. ज्या बाईने आधी मुलीला स्वप्नं सोडून दे म्हणून विनवलं, तीच बाई आज आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या विरोधात पाऊल टाकते आहे. सिमरनला जायचं आहे. आईला तिने जावं असं वाटतं आहे. घरातल्या दोन्ही बायकांचं एकमत आहे. आणि राज म्हणतो, नाही, मी हिला पळवून नेणार नाही, हिच्या बाबांच्या हातून घेईन.

टाळ्या! मीही वाजवल्या. त्या वयात मला तो मोठा सभ्यपणा वाटला. आता दिसतं की त्या क्षणी त्याने दोन बायकांचा निर्णय फिरवला आणि तिसऱ्या माणसाच्या हवाली केला, ज्याचं यात मत विचारायचं कारण इतकंच की तो पुरुष आणि बाप आहे. सिमरनला कुणी विचारलं नाही. राजनेही नाही.

यावर मला ठरलेलं उत्तर मिळतं, आणि ते हलकं नाही. लोक म्हणतात, अहो, आईवडिलांना दुखवून संसार सुरू करायचा नाही असं एखाद्याला वाटलं तर त्यात वाईट काय? काहीच नाही. मलाही तसंच वाटलं असतं. माझं लग्न कांदेपोह्यांचं, पंचविसाव्या वर्षी ठरलेलं, आणि ते बरं झालं. पण मराठीत दोन वेगळे शब्द आहेत आणि आपण ते एकाच डब्यात भरतो. आशीर्वाद मागायला आपण वाकतो, तेव्हा निर्णय आपला झालेला असतो. परवानगी मागतो, तेव्हा तो झालेला नसतो. आशीर्वाद मिळाला नाही तर वाईट वाटतं, परवानगी मिळाली नाही तर जाता येत नाही. राजला आशीर्वाद हवा होता असं सिनेमा म्हणतो, दाखवतो मात्र परवानगी. कारण मूठ सुटली नसती तर गाडी निघून गेली असती आणि ती फलाटावरच राहिली असती.

आपली भाषाच या बाबतीत चुगली करते. मुलगी 'देतात', सून 'करून घेतात', लेक 'उजवतात', अमक्याची 'केली', तमक्याला 'दिली'. एवढ्या क्रियापदांत तिची स्वतःची एकही क्रिया नाही. बरं, ती स्वतःच्या पायांनी चालत गेली तर? तर तिला 'पळवली', 'नादी लावली', आणि बातमीत 'फूस लावून पळवून नेली'. फूस! एकविसाव्या शतकातली, नोकरी करणारी, आयकर भरणारी बाई, आणि तिला फूस लागते, जणू शेळीला पाला दाखवला. 'तिने लग्न केलं' हे साधं वाक्य घरातल्या कुणाच्या तोंडून ऐकायला किती वर्षं जातात, ते ज्यांच्या घरात असं लग्न झालंय त्यांना विचारा.

आणि तरी ही काही आपली सनातन परंपरा वगैरे आहे असं मला कुणी सांगू नये. माझं लग्न जमत नव्हतं तेव्हा आत्याने एकनाथांचं 'रुक्मिणी स्वयंवर' आणून दिलं होतं. रोज एक प्रसंग वाच, स्थळ येईल. उपवर मुलींनी ती पोथी वाचायची ही महाराष्ट्रातली जुनी चाल. मी वाचली. आत्याने बहुधा वाचली नसावी. कारण त्यात आहे काय? विदर्भाची राजकन्या, कौंडिण्यपूरची, भावाने ठरवलेल्या शिशुपालाला नकार देते, ज्याला कधी पाहिलंही नाही त्या कृष्णाला स्वतः पत्र लिहिते आणि देवीच्या दर्शनाच्या निमित्ताने घराबाहेर पडून त्याच्या रथात बसते. भाऊ मागे धावतो, कृष्ण त्याची अर्धीमुर्धी हजामत करून सोडून देतो. ज्या पोथीने लग्न जमतं असं आपण मानतो ती पळून जाण्याची पोथी आहे, आणि ती देवघरात लाल फडक्यात गुंडाळून ठेवलेली असते.

तेच 'संगीत सौभद्र'चं. १८८२ मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ते रंगभूमीवर आणलं आणि मराठी माणूस ते अजून ऐकतो. एक भाऊ, बलराम, बहीण दुर्योधनाला द्यायला निघालाय. दुसरा भाऊ, कृष्ण, तिला तिच्या आवडीच्या अर्जुनाबरोबर जाता यावं म्हणून डाव रचतो. खोटा संन्यासी, चोरून भेटी, भावंडांतलं राजकारण, सगळा प्रणयपटाचाच मसाला. बहिणीच्या पळून जाण्यात भाऊ सामील आहे आणि प्रेक्षक भावाच्या बाजूने हसतोय. हे नाटक बघायला आमचे पणजोबा उपरणं टाकून जात होते. मग घरातल्या मुलीने तेच केलं की त्यांना काय व्हायचं, हा प्रश्न त्यांनाही कुणी विचारला नसेल म्हणा.

मराठी सिनेमाने या बाबतीत काय केलं? खूपदा अवघड जागा टाळली. 'मुंबई-पुणे-मुंबई' (२०१०) मला आवडतो. दोन माणसं दिवसभर पुण्यात फिरतात, भांडतात, बोलतात, आणि एवढ्यावर सिनेमा उभा राहतो, हे सोपं नाही. पण शेवटी कळतं की हाच तो मुलगा, ज्याला बघायला ती मुंबईहून आली होती. म्हणजे प्रेमही झालं आणि घरच्यांचं ठरलेलंही मोडलं नाही. मध्यमवर्गाचं याहून सुखाचं स्वप्न नाही: आपण निवडलं आणि नेमकं तेच निघालं. 'टाइमपास' (२०१४) त्याहून धीट, कारण चाळीतला दगडू आणि लेल्यांची प्राजक्ता यांच्यामधली भिंत त्यात दिसते. फक्त तिच्यावर नाव लिहिलेलं नाही. लेलेंच्या रागावर आपण हसतो आणि हसता हसता 'जात' हा शब्द न उच्चारता सिनेमा पुढे जातो.

कुणाला विचारायला न जाणारी बाई मला फार मागे सापडली. जब्बार पटेलांच्या 'जैत रे जैत'मध्ये, १९७७ साली. ठाकरवाडीतली चिंधी नवऱ्याला सोडून येते आणि नाग्याला स्वतः निवडते. स्मिता पाटीलने ते असं केलंय की निवडणं हा काही मोठा प्रसंगच वाटत नाही, भूक लागली म्हणून जेवायला बसावं तितकं साधं. पुढे लिंगोबाच्या डोंगरावरच्या मधमाश्यांनी शोकांत होतो, पण तो शोकांत कुणा बापाने घडवलेला नाही. प्रेमपटांच्या याद्यांत हा सिनेमा कधी नसतो. त्याला आपण 'आदिवासी जीवनावरचा' म्हणून वेगळ्या कपाटात ठेवलंय.

आणि मग २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' आला.

नागराज मंजुळेंनी काय केलं ते नीट बघा. पहिल्या भागात सगळं आहे जे स्वप्नाळू प्रेक्षकाला हवं असतं: करमाळ्याकडचा उजेड, विहिरीतली उडी, अजय-अतुलचं संगीत, हळूच बघणं. पण क्रियापदं अर्चीची आहेत. ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, वर्गात तीच आधी बोलते. पोलीस ठाण्यात बाप खोटी तक्रार ठोकतो तेव्हा तीच उभी राहून ओरडते. 'पळवून नेली' हे वाक्य तिथल्या तिथे तिने खोडून काढलं. मग हैदराबादची झोपडपट्टी, नळाचं पाणी, भांडण, संशय, कारखान्यातली नोकरी, बाळ. प्रेम संपतं कुठे आणि संसार सुरू होतो कुठे, हे इतक्या शांतपणे आमच्या पडद्यावर फार कमी वेळा आलंय.

शेवटाबद्दल मला एकच गोष्ट सांगायची आहे, जी 'दिलवाले'शेजारी ठेवल्यावर दिसते. अर्चीने परवानगी मागितली नव्हती. पण तिला आशीर्वाद हवा होता. म्हणून ती आईला फोन करते. म्हणून भाऊ आईने दिलेल्या वस्तू घेऊन दारात आल्यावर ती त्याला घरात घेते, चहा टाकते. तिच्या मनातल्या या ओलाव्यानेच दार उघडलं. त्यानंतर पडद्यावर आवाज नाही, नुसती लहान मुलाची पावलं आहेत. मी तो सिनेमा गावाकडच्या थिएटरात पाहिला. 'झिंगाट'ला खुर्च्यांवर नाचलेली पोरं शेवटी बाहेर पडताना एकमेकांकडे बघत नव्हती. पार्किंगमध्ये गाड्यांना किक मारायचाही आवाज मला त्या दिवशी नेहमीपेक्षा हळू वाटला.

आणि पुढच्याच लग्नसराईत तेच 'झिंगाट' प्रत्येक वरातीत वाजलं. गोत्र जुळलेलं, पत्रिका जुळलेली, बायोडेटावर 'अपेक्षा: स्वजातीय' लिहिलेली. कुणाच्या अपेक्षा जरा उदार, तर 'आंतरजातीय चालेल, एससी-एसटी क्षमस्व'. आणि डीजेवर अर्ची-पर्शाचं गाणं. मीही नाचले आहे, खोटं कशाला सांगू. आपल्याला प्रेमाचं संगीत हवं असतं, फक्त ते आपल्या घरापर्यंत येऊ नये.

आता भाचीचे तीस दिवस. तिला आणि त्या मुलाला होम-सप्तपदी काही नको होती, म्हणून त्यांनी विशेष विवाह कायदा निवडला. १९५४ चा कायदा, चांगल्या हेतूचा: जात-धर्म न बघता दोन सज्ञान माणसांना लग्न करता यावं. पण त्यात कलम ५, ६ आणि ७ आहेत. आधी नोटीस द्यायची. नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशा जागी लावायची. तीस दिवसांत कुणीही, अगदी कुणीही, येऊन हरकत घेऊ शकतो. मी तिच्याबरोबर तो फलक बघायला गेले होते. काचेच्या कपाटात एकावर एक टाचलेले कागद, कोपऱ्यात गंज धरलेल्या टाचण्या. प्रत्येक कागदावर नाव, वय, व्यवसाय, राहण्याचं ठिकाण, कायमचा पत्ता, आणि फोटो. एक माणूस वही काढून त्यातलं काहीतरी उतरवून घेत होता. कशासाठी, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. भाचीने माझा हात धरला आणि म्हणाली, "चल मावशी, आपण चहा पिऊ."

एवढ्यावर संपत नाही. दोघांपैकी एकाचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्यातल्या कार्यालयातही लावायची असते. मुलगा मराठवाड्यातला. म्हणजे ज्या गावापासून त्याने ही गोष्ट जपून ठेवली होती, त्या गावाच्या भिंतीपर्यंत सरकारने ती पोचवली, टपालखर्च स्वतःचा करून. हरकत मात्र ठरावीक कारणांवरच घेता येते: आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं, नातं निषिद्ध असणं, मानसिक असमर्थता. आईबापांना पसंत नाही हे त्यात कुठेही नाही. मग नोटीस नेमकी कुणाला कळावी म्हणून लावतात? हिंदू विवाह कायद्याने लग्न करणाऱ्याला असा कुठलाही फलक नाही. चार दिवसांत मंगल कार्यालय मिळालं तर पाचव्या दिवशी लग्न. तिथे कुणाचं आधीचं लग्न लपलेलं नसेल, याची खात्री कोण करतं? अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये म्हटलं की ही नोटीस जाहीर करायची की नाही हे जोडप्यानेच ठरवावं. संसदेने कायद्यातच तसा बदल करायला हवा, आणि तो होत नाही तोवर राज्यांनी निदान फोटो आणि पत्ता भिंतीवर टांगणं थांबवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण वारं उलट दिशेला आहे. २०२३ मध्ये गुजरातच्या मुख्यमंत्र्यांनी, प्रेमविवाहाला आईवडिलांची संमती सक्तीची करता येईल का याचा घटनेच्या चौकटीत अभ्यास करू, असं जाहीर सांगितलं. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाह करणाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची माहिती घेणारी समन्वय समिती नेमली. ओरड झाल्यावर काही दिवसांतच 'आंतरजातीय' शब्द काढला, 'आंतरधर्मीय' ठेवला. हेच राज्य आंतरजातीय लग्नाला, एक जोडीदार अनुसूचित जाती-जमाती किंवा भटक्या-विमुक्तांतला असेल तर, ५० हजार रुपये प्रोत्साहन देतं. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये लिहून ठेवलं की जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हा आहे. म्हणजे एका टेबलावर शाबासकी, शेजारच्या टेबलावर चौकशी. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ च्या निकालात सांगून टाकलंय की दोन सज्ञान माणसांनी एकमेकांना निवडलं तर कुटुंबाची, जमातीची, कुळाची संमती लागत नाही. निकाल आहे. पण मराठा मंदिरात शिट्टी पडते ती मूठ सुटल्यावर, आणि निवडणुकीला उभा राहणारा माणूस शिट्टी कुठे पडते ते बघतो.

या सगळ्यावर माझी ताई, भाचीची आई, एकच वाक्य म्हणते: "उद्या काही झालं तर?" आणि या वाक्यापुढे मी गप्प होते, कारण ते खरं आहे. ती समिती नेमली गेली तीही वसईच्या एका मुलीचा दिल्लीत खून झाल्यानंतर. मुली फसतात. मारहाण होते, जीव जातो. सिनेमा ते दाखवत नाही, आणि स्वप्नाळू माणसाला ते बघायचंही नसतं.

पण ताईला मी विचारलं, ठरवून दिलेल्या लग्नात असं झालं की मुलगी कुठे येते? माहेरी येते, निदान येऊ शकते. तिथे माणसं आहेत, दार आहे. आणि स्वतः निवडलेल्या लग्नात? आपणच तिला सांगून ठेवलेलं असतं की आम्हाला तू मेलीस. ज्या दिवशी तिला दाराची सगळ्यात जास्त गरज आहे त्या दिवशी ते आपण आधीच बंद केलेलं असतं. परवानगी न घेतल्याची शिक्षा म्हणून माहेर काढून घ्यायचं आणि मग म्हणायचं, बघा, परवानगी घेतली नाही म्हणून ती एकटी पडली. तिला एकटं पाडलं कुणी? नवरा वाईट निघाला तर तो त्याचा दोष. तिला परत यायला जागा नव्हती हा आपला. ताईने यावर काही उत्तर दिलं नाही. भाजी निवडत राहिली.

यादी मी शेवटी पाठवली. तीस काही जमले नाहीत, अकरा झाले. 'दिलवाले' ठेवलाच, कारण आवडतो, आणि आवडत्या गोष्टीशी भांडता येतं. फक्त खाली लिहिलं की दागिन्यांची पुरचुंडी येते तिथे थांबव आणि सिमरनचा चेहरा बघ. 'मुघल-ए-आझम' मोठ्या पडद्यावरच बघ, नाहीतर नको. 'जैत रे जैत' दोनदा. 'सैराट' तीस दिवसांत बघू नकोस, नंतर बघ. तिने उत्तर पाठवलं, "पाठ आहे तो मला."

एकतिसाव्या नाही, सदतिसाव्या दिवशी तारीख मिळाली. साक्षीदार तीन लागतात. मी एक, मुलाचा मित्र दुसरा, आणि तिसरा रिक्षात अडकलेला. भावोजी येणार नव्हतेच. आमचा नंबर पुकारला आणि टेबलामागच्या बाईंनी कागद चाळत विचारलं, "आईवडील आलेत का?"

"त्यांची सही लागते का?" भाचीने विचारलं. आवाज जरा चढला होता.

"नाही, लागत नाही. सहज विचारलं. पण तिसरा साक्षीदार हवा."

तेवढ्यात जिन्याच्या तोंडाशी ताई दिसली. इस्त्रीची साडी, हातात कापडी पिशवी, चढून आल्याने धाप लागलेली. कुणाकडे न बघता ती सरळ टेबलापाशी गेली.

"तुम्ही कोण?"

"आई."

"आईची सही लागत नाही हो."

"साक्षीदाराची लागते ना?" ताई म्हणाली, आणि तिने पर्समधून आधार कार्डाची झेरॉक्स काढली. दोन प्रती होत्या, दोन्हींवर सही आधीच केलेली.